गुरुवारच्या वहीतली एक ओळ

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. एका आईने माझ्यासमोर बसून आपल्या तान्ह्या मुलीच्या आंधळेपणाचा दोष स्वतःकडे घेतला. दोष माझा होता आणि ते मला ठाऊक होतं. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं, पुष्कळ वाटलं, पंधरा वर्षं वाटतंय. पण आधी हायसं वाटलं.

भाद्रपद सरत आला की परळला एक वास सुटतो. मूर्तींच्या कारखान्यांचे मांडव उतरत असतात. ओलं प्लास्टर, रंग, भिजून वाळलेलं गोणपाट, रस्त्यावर तुडवला गेलेला गुलाल आणि त्यात मिसळलेला झेंडू. पावसाची ओल भिंतींत तशीच असते आणि वर ऊन एकदम कडक होतं. आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, काचा कायम बंद, तरी तो वास जिन्याने वर येतो. बाकी वर्षभर मी बरा असतो. या दोन महिन्यांत, विसर्जनापासून दिवाळीपर्यंत, घरी कमी बोलतो. बायकोला वाटतं, मला उकाडा सोसत नाही.

मी तेव्हा फेलो होतो. बालरोगतज्ज्ञ झाल्यावर आणखी काही वर्षं फक्त नवजात बाळांवर, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर उपचार करायला शिकायचं. त्या शिकणाऱ्याला आमच्यात फेलो म्हणतात. तळहातावर मावतील अशी बाळं. काचपेटीत त्यांची छाती पाखरासारखी हलत असते आणि माणूस स्वतःचा श्वास विसरून ती बघत राहतो. शिकणं तिथेच चालायचं, पेटीशी उभं राहून. पण खरी परीक्षा दर गुरुवारी, दुपारी दोनला, कोपऱ्यातल्या लांबट खोलीत. कॉन्फरन्स.

गुरुवार म्हणजे मॅडमचा उपास. मॅडम आमच्या विभागप्रमुख. खोलीत शिरलं की आधी साबुदाण्याच्या खिचडीचा वास, मग प्रोजेक्टरच्या तापलेल्या धुळीचा. खिडकीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसायची आणि तिच्या बाजूला तिच्यापेक्षा उंच होत चाललेला एक टॉवर. एका गुरुवारी नवं संशोधन वाचायचं, एका गुरुवारी एक्स-रे, आणि महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी जे वाईट झालं त्याची चर्चा. दगावलेली बाळं, आणि जगूनही काही गमावून बसलेली बाळं.

"ए, तुझ्या स्लाइडवर अक्षरं आहेत की मुंग्या?" माझा जोडीदार नाडकर्णी मागून पुटपुटायचा.

"मुंग्या तरी रांगेत आहेत," मॅडम म्हणायच्या, "तुझ्या गेल्या वेळी सैरावैरा होत्या."

त्या शेवटच्या गुरुवारसाठी मॅडमचा एक नियम होता. तिथे 'कोण' असं विचारायचं नाही. नवा कुणी चुकून म्हणाला, "तेव्हा ड्यूटीवर कोण होतं?" की मॅडम टेबलावर पेन आपटायच्या. "पोलीस स्टेशन आहे का रे हे? कोण नको. कुठे ते सांग. कुठे निसटलं?" त्यासाठी एक वही होती, लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तीन रकाने: काय झालं, कुठे निसटलं, पुढे काय करायचं. ज्याने केस मांडली त्याने शेवटी उभं राहून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने ओळ लिहायची. सही नाही, नाव नाही. नुसती ओळ.

म्हणजे मला शिक्षेची भीती होती असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. त्या खोलीत खरं बोलणाऱ्याला कधी कुणी काही केलं नाही. स्वतःच्या हातून औषधाचा डोस दहापट गेल्याचं नाडकर्णीने तिथेच रडत सांगितलं होतं आणि मॅडमनी त्याच्यापुढे स्वतःच्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू सरकवला होता.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी बुधवारी आली. बुधवार हा आमच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरांचा वार. लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा पुरता तयार झालेला नसतो. त्यातल्या रक्तवाहिन्या बाहेर आल्यावर वाढतात आणि काही बाळांत वेड्यावाकड्या वाढतात. साधारण महिन्याचं बाळ झालं की डोळे बघायचे. बिघाड वेळेत दिसला तर लेझरने थांबवता येतो. नाही दिसला तर चार-सहा आठवड्यांत पडदा सुटतो आणि मग जगातला कुठलाही डॉक्टर तो परत चिकटवू शकत नाही. हे आमच्या धंद्यातलं पहिलीतलं गणित.

बुधवारी लालबाग-परळचे रस्ते बंद. डोळ्यांचे डॉक्टर आले नाहीत. येणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर ढोलांनी काचा थरथरत होत्या आणि आम्ही बाळांच्या कानांवर कापसाचे बोळे धरून होतो. दहा नंबरच्या पेटीत एक मुलगी होती. तिला इथे मनू म्हणतो, आणि तिच्या आईला वैशाली. खरी नावं माझी नाहीत, त्यांची आहेत. मनू दहा आठवडे आधी जन्मलेली, बाराशे ग्रॅमची. आता पंधराशेची झाली होती. वैशाली तिला दिवसभर उघड्या छातीशी धरून बसायची आणि हळू आवाजात तिला स्टेशनांची नावं सांगायची: "कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड..." घर कॉटन ग्रीनला होतं, चाळीत. मी एकदा विचारलं, "गाणं नाही म्हणत?" ती लाजली. "गाणी नाय येत सर. हे येतं."

गुरुवारी सकाळी खाली प्रसूतिकक्षात जुळी जन्मली आणि पेटी हवी झाली. मनूला घरी सोडायचं ठरलं. डोळ्यांसाठी पुढच्या बुधवारी बाह्यरुग्ण विभागात बोलवायचं. डिस्चार्ज कार्डाच्या मागे, तळाशी, त्यासाठी एक चौकट असते: डोळ्यांच्या तपासणीची तारीख. ती भरायची, आणि आईला तोंडानेही सांगायचं. एवढंच काम. दोन वाजता माझी कॉन्फरन्स होती आणि माझ्या अर्ध्या स्लाइड व्हायच्या होत्या. कार्डावर वजन, औषधं, दुधाचं प्रमाण, सगळं भरलं. सही केली. सिस्टर पेडणेकर म्हणाल्या, "डॉक्टर, मागची चौकट राहिली हां. बुधवारची."

"करतो सिस्टर."

"करतो नको. करा."

"अहो, करतो म्हटलं ना."

सिस्टरना जुळ्यांकडे कुणीतरी हाक मारली. मी पुढची स्लाइड उघडली. वैशाली कार्ड घेऊन, मला वाकून नमस्कार करून गेली. मी मान वर करून हसलोही असेन. दुपारची कॉन्फरन्स छान झाली. मॅडम म्हणाल्या, "आज मुंग्या नव्हत्या." ते शब्द मी महिनाभर मनात घोळवत होतो. मनू त्या महिनाभरात एकदाही आठवली नाही.

मग दिवाळी. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी वैशाली सासूबाईंना घेऊन आली. सासूबाईंनी सांगितलं: दारात कंदील लावला, पोर त्याच्याकडे बघेना. समोर फुलबाजी धरली, पापणी हलेना. मी टॉर्च घेतला. बाहुलीच्या मागे जे काळं दिसायला हवं ते पांढरट दिसलं. डोळ्यांचे डॉक्टर वर आले, दोन मिनिटं पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर झालाय."

वैशालीने पिशवीतून कार्ड काढलं. तिने ते लॅमिनेट करून घेतलं होतं. पोर वाचली त्याचा कागद, म्हणून. देव्हाऱ्यामागे ठेवायची. गुळगुळीत, कोपरे गोल कापलेले.

"सर, ह्याच्यात डोळ्याचं कुठं लिहिलंय का हो? सगळं इंग्लिशमध्ये आहे. मला तेवढं येत नाय."

मी कार्ड उलटलं. तळाची चौकट कोरी होती. प्लास्टिकच्या आत, स्वच्छ, कोरी. आता त्यात कुणालाही काही लिहिता येणार नव्हतं, मलासुद्धा नाही; हा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता, तोही लिहून ठेवतो.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सुनेकडे वळल्या. "डॉक्टरांनी सांगितला आसतला. तुजा लक्ष खंय होता तेवा?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प होतो. मग तिने मान खाली घातली. "हो. सांगितलं असेल सरांनी. माझंच ध्यान नसेल."

हायसं वाटलं ते तेव्हा.

मी म्हणालो, "आता पुढचं बघू या." किती सभ्य वाक्य आहे बघा. आमच्या पेशात अशी वाक्यं भरपूर असतात. त्यांच्या आड उभं राहिलं की माणूस बाहेरून दयाळूसुद्धा दिसतो.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ती केस मीच मांडली. मॅडमनी विचारलं, "आईचं कार्ड पाहिलंस?"

"हो मॅडम."

"तारीख होती?"

"हो."

आमच्याकडे राहणाऱ्या कार्डाच्या प्रतीत ती मागची बाजू नसायचीच. मॅडमनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. सिस्टर पेडणेकर दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या चिमणीकडे. त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि निवृत्त होईपर्यंतही नाही. फक्त त्यानंतर मला कधी 'अहो डॉक्टर' म्हणाल्या नाहीत. 'सर' म्हणायला लागल्या.

मग वही पुढे आली. कुठे निसटलं? मी उभं राहून, ठळक अक्षरात लिहिलं: घरी.

पुढे काय करायचं या रकान्यातलं मात्र मी मनापासून केलं. पिवळ्या कागदाची पट्टी काढली. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, डोळ्यांच्या तपासणीचा वार आणि तारीख. ती आईच्या हातात द्यायची, तिच्याकडून वाचून घ्यायची, मगच बाळ घरी. आजही आमच्याकडे पिवळी पट्टी दिल्याशिवाय बाळ सुटत नाही. त्या पट्टीने पुष्कळ डोळे वाचले. माझं नावही झालं. मॅडम निवृत्त झाल्या, कॉन्फरन्स माझ्याकडे आली आणि दर वर्षी नव्या फेलोंना मी याच दिवसांत पट्टीची गोष्ट सांगू लागलो: एक आई होती, तिला सांगितलेलं होतं, पण तिच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून आम्ही शिकलो. पोरं मान हलवत लिहून घ्यायची. दर वर्षी मी त्या बाईला नव्याने दोषी ठरवत होतो, चहा आणि बिस्किटांसोबत.

चांगलं काम केलं की जुनं वाईट काम झाकलं जातं, असा माझा बरीच वर्षं समज होता. तसं होत नाही. पिवळी पट्टी हातात घेतलेली प्रत्येक आई मला दाखवत राहिली की वैशालीच्या हातात काय नव्हतं.

या वर्षी विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील. माझ्या ओपीडीत वैशाली आली. केस कानाशी पांढरे झालेले. सोबत उंच, शाळेच्या गणवेशातली मुलगी, हातात पांढरी काठी. मनू दहावीला आहे. परीक्षेला लेखनिक मिळायचा तर कागदपत्रं लागतात, त्यात जन्माच्या वेळची माहिती हवी होती.

"मनू, हे सर," वैशाली म्हणाली. "ह्यांनी तुला वाचवलं."

"थँक यू सर," मनू म्हणाली आणि माझ्या दोन बोटं डावीकडे बघून हसली. "उजव्या डोळ्याने उजेड कळतो मला. तुमच्या मागे खिडकी आहे ना?"

होती.

वैशालीने पिशवीतून कार्ड काढलं. प्लास्टिक पिवळं पडलेलं, एक कोपरा सुटलेला. मनूने ते हातात घेऊन त्यावरून बोटं फिरवली. "हे माझं जन्माचं कार्ड? आई म्हणते, इंग्लिशमध्ये आहे. सर, वाचून दाखवा ना. मला कुणी वाचूनच नाही दाखवलं कधी."

"अगं, सरांना वेळ असतो का?"

"आई, एक मिनिटाचं काम आहे."

मी वाचलं. जन्माचं वजन बाराशे ग्रॅम. "बाराशे? म्हणजे सव्वा किलो पण नाही? आमची मांजर जास्त आहे." श्वासासाठी आधार, पाच दिवस. सलाईन, इतके दिवस. रक्त, एकदा. ती प्रत्येक ओळीला 'बाप रे' म्हणत होती, जणू दुसऱ्याच कुणाची साहसकथा ऐकत होती. मी कार्ड उलटलं. दुधाचं प्रमाण वाचलं. लसी वाचल्या. मग थांबलो.

"झालं?" मनूने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

दोघी गेल्या. काठीची टकटक जिन्यापर्यंत ऐकू येत होती. पंधरा वर्षांपूर्वी मी घाईत चुकलो, मग भ्यालो, मग खोटं बोललो. पण या वेळी घाई नव्हती, भीती वाटावी असं समोर कुणी नव्हतं. एक मुलगी स्वतःचं कार्ड ऐकत होती आणि मी तिला तेही पुरं ऐकू दिलं नाही.

त्याच आठवड्यात शेवटचा गुरुवार होता. मी वही कपाटातून काढली. जुन्या वह्या मीच सांभाळतो. कशासाठी, ते आता उघड आहे. पोरं बसली होती, प्रोजेक्टर लावलेला. गिरणीची चिमणी आता खिडकीतून दिसत नाही, टॉवरांच्या मागे गेली. मी म्हणालो, आज केस माझी. आणि सगळं सांगितलं: चौकट, स्लाइड, सिस्टरांचं बोलणं, 'हो मॅडम'. हायसं वाटल्याचं तेवढं तिथेही सांगता आलं नाही. मग जुन्या ओळीवर एक रेघ मारून खाली लिहिलं: निसटलं माझ्या हातातून, याच मजल्यावर. आणि आमच्या वहीत पहिल्यांदाच, ओळीखाली सही केली.

सायली, या वर्षीची सगळ्यात लहान फेलो, म्हणाली, "सर, आईला सांगितलंत?"

"नाही."

"मग आम्हाला का सांगताय?"

तिच्या शेजारच्याने तिला कोपराने ढोसलं. पण प्रश्न बरोबर होता.

मॅडम सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर असतात. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. त्या ऐकत होत्या, समोर नेटमध्ये पोरं बॉल ठोकत होती. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी तुला 'पाहिलंस का' विचारलं," त्या म्हणाल्या. "'दाखव' म्हणायला हवं होतं. ते माझं. ते मी बघेन माझं." मग चष्मा लावला. "आणि 'कोण' विचारायचं नाही हा नियम तुम्हा पोरांना लपायला नव्हता केला रे. खरं बाहेर यावं म्हणून केला होता. माझ्याकडे कशाला आलास? तुला लाडू हवाय?"

"नाही मॅडम."

"मग जा."

एका वकील मित्राने बजावलं, तोंडी काही बोलू नकोस आणि लेखी तर काहीच देऊ नकोस. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. मी रुग्णालयाच्या प्रमुखांना पत्र दिलं आहे, लेखी, तारखेसह. पुढे जे होईल ते होईल. नव्या फेलोंसाठीची स्लाइडही बदलली. 'आईच्या लक्षात राहिलं नाही' हे वाक्य काढून टाकलं. त्या जागी काय घडलं ते लिहिलं, माझ्या नावासकट.

आणि वैशालीला फोन केला. शनिवारी दुपारी घरी येऊ का, विचारलं.

"अय्या, सर, तुम्ही आमच्याकडे? या ना!" मागे मनू कुणाशी तरी भांडत होती, बहुतेक मांजराशी. "गावावरून खाजं आणलंय, ठेवते तुमच्यासाठी. काय काम होतं का?"

"हो. कार्ड जवळ ठेवा. मनूलाही घरी राहू दे."

"कार्ड? त्यात काय राहिलं का सर वाचायचं?"

"हो," मी म्हणालो. "राहिलं आहे."

आज शुक्रवार आहे. हे छापून येईल तेव्हा शनिवार होऊन गेलेला असेल. सासूबाई अजून आहेत, त्याही समोर असतील; त्यांनी असायलाच हवं. त्या मला काय म्हणतील, वैशाली काय म्हणेल, मनू काय विचारेल, याची मी मनात तयारी करत नाही. तयारी केली की सभ्य वाक्यं तयार होतात. खाजं खाणार नाही. माफी द्या असंही म्हणणार नाही. ते पुन्हा त्यांच्याकडेच काहीतरी मागणं होईल. हायसं वाटल्याचं मात्र सांगेन.

वैशालीचं आणि मनूचं मी देणं लागतो, त्या कार्डाची शेवटची चौकट वाचून दाखवण्याचं: इथे तारीख नाही, ती लिहायची होती मी, आणि आईचं काहीही चुकलं नव्हतं.